एक आज्ञावली, अनेक यंत्रे



आपल्या जिल्ह्यातून रेल्वेने नागपूरकडे जाणाऱ्या माणसाला स्थानकांची नावे तोंडपाठ असतात. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, मग अकोला आणि त्यापुढे मूर्तिजापूर. आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांनी मूर्तिजापूरच्या फलाटावरील एक दृश्य पाहिलेले असेल. मुंबई-नागपूर मार्गाचे रूळ साडेपाच फूट रुंद आणि त्यांच्या शेजारीच यवतमाळ व अचलपूरकडून येणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ अवघे अडीच फूट. अकोल्यालाही पूर्वी खांडवा व पूर्णेकडची मीटर गेज गाडी वेगळ्या फलाटावर लागत असे. माल तोच, वऱ्हाडचा कापूस. जायचे ठिकाणही तेच, मुंबई. पण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नव्हता. म्हणून गाठी उतरवायच्या, हमालांच्या पाठीवरून पलीकडे न्यायच्या आणि दुसऱ्या डब्यात भरायच्या. यात वेळ जाई, मजुरी जाई आणि पावसाळा असेल तर मालही भिजे.

आता आपण म्हणाल, स्मरणिकेत संगणकाचा लेख म्हणून सांगितले आणि हे रेल्वेचे काय काढले? वाचकहो, संगणकाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण म्हणजे हीच गेजची कथा आहे. आणि योगायोग असा, की महाराष्ट्रातील या कथेचा एक प्रमुख माणूस याच मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मला. त्यांचे नाव डॉ. विजय भटकर. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत. त्याआधी मूळ अडचण समजून घेऊ.

प्रत्येक संगणकाच्या आणि मोबाइलच्या पोटात प्रोसेसर नावाची एक चकती असते. तिला मराठी, उर्दू किंवा इंग्रजी कळत नाही. तिला फक्त आकडे कळतात, आणि कोणत्या आकड्याचा अर्थ कोणते काम हे ती चकती बनविणाऱ्याने ठरवून दिलेले असते. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरला १९५ हा एक आकडा दिला की तो समजतो, हातातील काम आटोपून जेथून आलो तेथे परत जायचे. आपल्या मोबाइलमधील ६४ बिटांच्या आर्म घराण्याच्या प्रोसेसरला हेच सांगायचे तर चार आकड्यांचा एक वेगळाच गट द्यावा लागतो. इंटेलच्या आज्ञा एका आकड्यापासून पंधरा आकड्यांपर्यंत कितीही लांब असू शकतात. या आर्मच्या सर्व आज्ञा मोजून चार आकड्यांच्या. तेव्हा एकासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्याला दिली, तर ती चुकीची चालते असेही नाही. बहुधा ती चालतच नाही.

याशिवाय आकडे मांडण्याची तऱ्हाही निरनिराळी. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. दोघेही कागदावर २५ असेच लिहितात, म्हणून भांडण होत नाही. पण समजा, दोघांनीही जसे बोलतो तसेच लिहायचे ठरवले, तर एकाचे पंचवीस दुसऱ्याला बावन्न वाटतील. संगणकात नेमके हेच घडले. सन कंपनीचे स्पार्क प्रोसेसर मोठ्या संख्येचा मोठा भाग आधी ठेवीत. इंटेल आणि डेकचा अल्फा हे लहान भाग आधी ठेवतात. एका यंत्राने साठवलेली माहिती दुसऱ्याने जशीच्या तशी वाचली तर बँकेच्या खात्यातील रक्कम ओळखू येणार नाही.

आपल्या देशात ही अडचण पहिल्यापासूनच होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी 'टिफ्रॅक' नावाचा संगणक बांधला. १९६० साली तो पूर्णपणे चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची स्मृती केवळ २०४८ शब्दांची होती. आज आपल्या खिशातील सर्वांत स्वस्त मोबाइललाही ती हास्यास्पद वाटावी. पण त्या काळी ती मोठी गोष्ट होती. टिफ्रॅकसाठी लिहिलेल्या आज्ञा या टिफ्रॅकच्याच बोलीतल्या. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला, तेव्हा ती बोली त्याच्यापुढे निरुपयोगी होती. सुदैवाने तोवर फोरट्रानसारख्या भाषा आल्या होत्या. या भाषेत गणित एकदा लिहायचे आणि प्रत्येक यंत्रासाठी वेगळ्या भाषांतरकाराकडून, ज्याला कंपायलर म्हणतात, त्या यंत्राच्या आकड्यांत उतरवून घ्यायचे. मूळ मजकूर एक, उतारे अनेक. विद्यार्थ्यांनी ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा हिच्यावरच उभी आहे.

पण कागदावर सोपे दिसते तसे ते प्रत्यक्षात नव्हते. एकच कोबोल भाषा, पण प्रत्येक कंपनीची कोबोल थोडी निराळी. जशी आपली बोली मेहकरात एक आणि मलकापुरात एक. १९७० च्या दशकात मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सीला बरोज या अमेरिकन कंपनीकडून जी सुरुवातीची कामे मिळाली त्यांत एक असेच होते. बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रासाठी कोबोलमध्ये लिहिलेली रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली त्याच कंपनीच्या लहान यंत्राच्या कोबोलमध्ये उतरवायची होती. टाटांच्या लोकांनी तो सारा मजकूर हातांनी बदलत बसण्याऐवजी, तो बदलून देणारीच एक आज्ञावली लिहिली, आणि तीही मुंबईतील आयसीएल १९०३ या तिसऱ्याच कंपनीच्या ब्रिटिश यंत्रावर. ज्या यंत्रासाठी काम करायचे ते यंत्र हाताशी नसताना काम पूर्ण करून दाखविणे, हा प्रकार मला तरी त्या काळातील कोणत्याही परदेशी शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आज आपली मुले पुण्यात किंवा हैदराबादेत बसून परदेशातील यंत्रांसाठी काम करतात. त्याची पाळेमुळे अशा कामांत आहेत.

त्यानंतर १९७८ साली आयबीएम कंपनी भारतातून निघून गेली. १९७३ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा कमी करावा अशी अट होती, ती त्या कंपनीस मान्य झाली नाही. तिची येथे राहिलेली यंत्रे सांभाळण्याचे काम सरकारी सीएमसीकडे आले. पुष्कळांना तेव्हा वाटले की आता देश मागे पडणार. काही बाबतीत तसे झालेही. परंतु एक उलटाच परिणाम घडला. एका कंपनीचे वर्चस्व गेल्याने आपल्याकडे नाना तऱ्हेची यंत्रे आली: ब्रिटिश आयसीएल, अमेरिकेचे डेक आणि बरोज, सोव्हिएत बनावटीचे ईसी, आणि हैदराबादच्या ईसीआयएलसारखी आपली स्वतःची. आमच्या तरुणांना एका यंत्राशी लग्न लावून बसण्याची सोय उरली नाही. त्यांना दर यंत्राची बोली शिकावी लागली, आणि एका यंत्रावरचे काम दुसऱ्यावर नेणे हीच त्यांची खासियत बनली.

याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी एक प्रयोग केला. युनिक्स ही यंत्रणा मुळात एका विशिष्ट यंत्रावर घडलेली. ती त्यांनी १९७७-७८ मध्ये, सी या भाषेच्या आधाराने, इंटरडेटा ८/३२ या अगदी निराळ्या यंत्रावर उतरवली. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनीही त्याच काळात इंटरडेटा ७/३२ वर तेच करून दाखवले. तोवर अशी समजूत होती की आज्ञावली दुसरीकडे नेता येईल, पण यंत्राला चालवणारी मूळ यंत्रणा मात्र त्या यंत्राचीच असणार. ती समजूत मोडली. पुढे १९८० च्या दशकात आपल्या बँकांच्या संगणकीकरणासाठी रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने युनिक्सचा पुरस्कार केला, त्यामागेही हेच गणित होते. यंत्र कोणाचेही घ्या, आज्ञावली अडकून पडू नये.

आता मूर्तिजापूरकडे परत वळू. विजय भटकर यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून १९६५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली, मग बडोदा आणि दिल्लीच्या आयआयटीतून पुढचे शिक्षण. १९८० च्या दशकात भारताला हवामान आणि संशोधनासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेने जास्त क्षमतेचे यंत्र देण्यास नकार दिला. हवामानाच्या कामापुरते, कडक अटींसह एक क्रे यंत्र दिल्लीस मिळाले. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास 'प्रगत संगणन विकास केंद्र', म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. भटकर त्याचे पहिले प्रमुख. मुदत तीन वर्षे आणि रक्कम ३० कोटी रुपये. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

परमच्या वेगाविषयी आणि अमेरिकेला दिलेल्या उत्तराविषयी आपण शाळेत पुष्कळ ऐकले असेल. ते खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण माझ्या मते त्याहून अधिक शिकण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही.

परम ८००० एका मोठ्या प्रोसेसरवर चालत नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे लहान प्रोसेसर अनेक जोडून तो बनवला होता. एका मोठ्या बैलाऐवजी चौसष्ट लहान बैल जुंपावेत तसे. ट्रान्सप्युटरला शेजाऱ्याशी बोलण्यासाठी चार दुवे चकतीतच दिलेले होते, आणि त्याची 'ऑकम' नावाची खास भाषाही होती. एका गणिताचे तुकडे करून ते या साऱ्यांना वाटून द्यायचे, आणि निकाल पुन्हा गोळा करायचे. हे सारे सांभाळण्यासाठी सी-डॅकने 'पारस' नावाची स्वतःची व्यवस्था लिहिली.

पण इनमॉसचे पुढचे ट्रान्सप्युटर, टी ९०००, वेळेवर आले नाही. आले तेव्हा ठरल्याप्रमाणे चालले नाही, आणि ते घराणेच संपले. विचार करा, ज्या रुळावर आपण सारी गाडी बांधली तो रूळच पुढे तयार होणार नाही असे कळले तर? जे काम केवळ ट्रान्सप्युटरच्या चार दुव्यांना चिकटून लिहिले होते, ते त्याच्याबरोबर बुडण्याची भीती होती.

सी-डॅकने प्रथम इंटेलचा आय-८६० प्रोसेसर बरोबर जोडून परम ८६०० काढला. मग १९९४ मध्ये परम ९००० आला, आणि या यंत्राची रचनाच अशी केली की प्रोसेसर बदलता यावा. त्याचा एक प्रकार सुपरस्पार्कवर, दुसरा अल्ट्रास्पार्कवर, तिसरा डेकच्या अल्फावर चाले. सांगाडा एकच आणि इंजिने तीन. त्यांपैकी सुपरस्पार्क ३२ बिटांचा, बाकीचे दोन ६४ बिटांचे. स्पार्क मोठा भाग आधी ठेवणारा, अल्फा लहान भाग आधी. मघाशी आपण पंचवीस आणि बावन्नचे उदाहरण घेतले, ते येथे एकाच यंत्राच्या कुटुंबात घरोघरी भेटत होते. ज्याने आज्ञावली लिहिताना 'पत्ता चारच खान्यांत मावेल' असे मनाशी गृहीत धरले, त्याची आज्ञावली एका प्रकारावर चालायची आणि दुसऱ्यावर अडखळायची.

त्याच वर्षी, १९९४ मध्ये, जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन 'एमपीआय' नावाचा एक करार ठरवला. अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे याचे सर्वमान्य नियम. यंत्रात दुवे कसलेही असोत, आज्ञावलीने फक्त म्हणायचे, 'हा निरोप सातव्या क्रमांकाला द्या'. तो कोणत्या तारेने जाईल हे त्या यंत्राने पाहायचे. टपालपेटीत पत्र टाकणाऱ्याला ते बैलगाडीने जाईल की रेल्वेने याची चिंता नसते, तसे. सी-डॅकने परम १०००० साठी एमपीआयची स्वतःची आवृत्ती तयार केली. तो १९९८ मध्ये पुण्यात आला, अल्ट्रास्पार्कवर. नंतर २००३ चा परम पद्म आयबीएमच्या पॉवर-४ वर. त्या वर्षी जूनमध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत तो १७१ वा होता. २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर, यादीत ६९ वा. २०२० चा परम सिद्धी एएमडीचे प्रोसेसर आणि एनव्हिडियाच्या चित्रचकत्या यांवर. २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र यंत्रे सुरू झाली. त्यांतील पुण्याचे यंत्र नारायणगावजवळच्या खोडद येथील महादुर्बिणीच्या कामासाठी आहे.

म्हणजे तीस-बत्तीस वर्षांत ट्रान्सप्युटर, आय-८६०, स्पार्क, अल्फा, पॉवर, झिऑन, एएमडी. नाव परमच, पण आतील बोली पुन्हा पुन्हा बदलली. जी गणिते यंत्राच्या बोलीत अडकवली होती ती संग्रहालयात गेली. जी नियमांनी आणि सर्वांच्या भाषेत लिहिली, त्यांना नव्या यंत्रावर नव्याने उतारा काढून घेता आला.

येथे एक शंका विचारी विद्यार्थ्याच्या मनात येईल. दर वेळी नवा उतारा कशाला? जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर 'दुभाष्या' बसवून चालवता येणार नाही का? येते, आणि तसे केलेही जाते. दुभाष्या जुन्या यंत्राची आज्ञा वाचतो आणि नव्या यंत्राच्या आज्ञेत सांगतो. अॅपल कंपनीने तीन वेळा आपल्या संगणकांचा प्रोसेसर बदलला: १९९४ मध्ये पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल, २०२० मध्ये स्वतःचा आर्म. तिन्ही वेळा तिने दुभाष्या पुरवला. पण दुभाष्या म्हणजे मूर्तिजापूरचे हमालच. माल पोहोचतो, पण वेळ लागतो. मोबाइलवर तर बॅटरीही लवकर संपते. म्हणून अॅपलने दुसरी युक्तीही केली. एकाच पुडक्यात दोन्ही उतारे भरायचे, आणि यंत्राने उघडल्यावर आपला तेवढा उचलायचा. पुडके जाड होते, पण ग्राहकास कोणते घ्यावे हा प्रश्न पडत नाही. आपल्या प्रश्नपत्रिकेवर एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस उर्दू छापावी तशी ही तऱ्हा.

१९९५ मध्ये आलेल्या जावाने तिसरा मार्ग काढला: प्रत्यक्ष कोणत्याच यंत्राची नसलेली एक मधली बोली. हा मार्ग आज आपल्या मोबाइलपर्यंत आला आहे. परंतु खेळ, कॅमेरा, नकाशे यांचे वेगाने करायचे काम अजूनही थेट प्रोसेसरच्या बोलीतच द्यावे लागते. म्हणून अॅन्ड्रॉइडच्या पुडक्यात वेगवेगळे कप्पे असतात. ३२ बिटांच्या आर्मचा एक, ६४ बिटांचा दुसरा, इंटेलचा तिसरा. ऑगस्ट २०१९ पासून गूगलच्या दुकानात ६४ बिटांचा कप्पा सक्तीचा झाला, आणि २०२१ पासून नव्या अॅपसाठी नियम असा आला की विकासकाने सारा गठ्ठा दुकानात द्यावा आणि दुकानाने ग्राहकाच्या फोनला लागेल तेवढाच भाग पाठवावा. पालकांनो, आपल्या मुलाच्या जुन्या फोनवर 'हे अॅप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही' असे जेव्हा येते, तेव्हा फोन बिघडला असे समजून लगेच नवा घेऊ नका. पुष्कळदा त्या फोनचा कप्पा विकासकाने भरलेला नसतो, इतकेच.

मला मात्र सर्वांत आवडणारी पद्धत चौथी आहे. १९९३ मध्ये इयान मरडॉक या तरुणाने डेबियन नावाचा उपक्रम सुरू केला. जगभरातील स्वयंसेवक त्यात मोफत काम करतात. त्यांची रीत अशी, की प्रत्येक आज्ञावलीचा मूळ मजकूर एकदाच ठेवायचा, सोबत 'कसे बांधावे' याची कृती लिहून ठेवायची, आणि मग वेगवेगळ्या घराण्यांच्या यंत्रांनी तो मजकूर आपापल्या बोलीत बांधून घ्यायचा. १९९८ च्या आवृत्तीत अशी दोन घराणी होती. ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीत रिस्क-फाइव्ह हे नवे खुले घराणेही अधिकृतपणे आले आणि जुन्या ३२ बिटांच्या इंटेलसाठी पूर्ण व्यवस्था ठेवणे थांबले. प्रत्येक पुडक्याच्या नावाच्या शेवटी ते कोणत्या घराण्यासाठी आहे हे लिहिलेले असते. काही पुडक्यांवर मात्र 'ऑल', म्हणजे सर्वांसाठी, असे असते. अक्षरांचे टंक त्यांत येतात; देवनागरीचे असोत वा नस्तालिकचे, त्यांना प्रोसेसरचे घराणे नसते. सी-डॅकने २००७ मध्ये काढलेली 'बॉस' ही भारतीय यंत्रणा याच डेबियनवर आधारलेली आहे. आणि रिस्क-फाइव्ह घराण्याचे प्रोसेसर आपल्याकडेही घडत आहेत. मद्रास आयआयटीचे 'शक्ती' आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचे 'वेगा'.

पुडक्याच्या नावाची गोष्ट मी मुद्दाम लिहिली, कारण माझी स्वतःची एक फजिती आहे. एका शाळेत देणगीत मिळालेले दहा-बारा जुने संगणक बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी मोठ्या उत्साहाने नवी यंत्रणा उतरवून नेली. एकही यंत्र चालू होईना. दुपारपर्यंत मी तारा बदलल्या, स्मृतीच्या पट्ट्या काढून पुसल्या, देणगीदाराविषयी मनात वाईटही आणले. शेवटी नववीतील एका मुलीने विचारले, "सर, या फाइलच्या नावात ६४ का लिहिलंय? या मशीनवर तर ३२ चा स्टिकर आहे." दोष यंत्राचा नव्हता, देणगीदाराचा नव्हता, माझा होता. मी पुडक्यावरचे नाव वाचलेच नव्हते. ३२ बिटांची जुनी आवृत्ती आणली आणि दुसऱ्या दिवशी सारी यंत्रे चालू झाली. ती मुलगी उर्दू माध्यमाची होती आणि तिने त्यापूर्वी संगणकाला हात लावला होता तो केवळ दोन-चार वेळा.

उर्दूचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नस्तालिक लिपी संगणकावर आणणे हे देवनागरीपेक्षाही कठीण काम होते, कारण तिची अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर तिरकी उतरत जातात. १९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांनी 'नूरी नस्तालिक' तयार केली आणि हजारो जोडशब्दांचे आकार स्वतः रेखाटले. १९९४ मध्ये 'इनपेज' ही आज्ञावली आली आणि कातिबांच्या बोरूची जागा तिने बहुतेक छापखान्यांत घेतली. तिचे उपकार मोठे आहेत. पण ती विंडोजवर चालणारी, आणि तिच्या जुन्या आवृत्त्या अक्षरे साठवीत ती स्वतःच्याच सांकेतिक आकड्यांत. सर्व लिपींसाठी एकच संकेत ठरवणारे युनिकोड १९९१ पासून होते; पण आपल्याकडे त्याचा वापर व्हायला पुष्कळ वर्षे लागली. त्यामुळे असंख्य उर्दू स्मरणिका, निकालपत्रे, विवाहपत्रिका आणि मरहूम बुजुर्गांवरचे लेख अशा फायलींत आहेत, की ज्या मोबाइलवर उघडल्या तर केवळ खुणांचा ढिगारा दिसतो. आज्ञावली एका रुळाची राहिली तर नवी घेता येते. पण मजकूरच एका रुळाचा राहिला तर?

देवनागरीच्या बाबतीत सी-डॅकने काही काळ निराळी वाट धरली होती, तीही येथे नोंदवतो. कानपूर आयआयटीत सुरू झालेल्या कामातून, मोहन तांबे यांच्या पुढाकाराने, 'जिस्ट' तंत्र पुण्यास आले. प्रत्येक आज्ञावली बदलण्याऐवजी त्यांनी लिपीच यंत्राच्या एका कार्डावर बसवली. ते कार्ड संगणकात खोचले की इंग्रजीसाठी लिहिलेली आज्ञावलीही मराठी दाखवू लागे. युनिक्सच्या यंत्रांसाठी जिस्टचे वेगळे टर्मिनल होते; मागचा प्रोसेसर कोणत्या घराण्याचा हे त्याला विचारावे लागत नसे. १९९१ मध्ये भारतीय लिपींच्या संकेताचे प्रमाणही ठरले. कार्डांचा जमाना गेला, ते प्रमाणही मागे पडले, पण युनिकोडमधील आपल्या लिपींची मांडणी करताना त्या घराण्यातील १९८८ च्या मसुद्याचा आधार घेतला गेला. आपण आज मोबाइलवर 'क'च्या पुढे 'ख' ज्या क्रमाने साठवतो, त्यात या कामाची खूण आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा शाळेत संगणक आहे त्यांनी एवढे करून पाहावे. यंत्राच्या माहितीच्या पानावर प्रोसेसरचे घराणे आणि बिटांची संख्या लिहिलेली असते, ती वहीत उतरवा. फोनचेही तसेच करा. मग सी भाषेत चार ओळींची, दोन संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली लिहा, ती संगणकावर बांधा, आणि तयार झालेली फाइल तशीच फोनवर नेऊन चालवून पाहा. ती चालणार नाही. नंतर त्याच चार ओळी फोनवर नेऊन तेथे बांधा. मोफत साधने उपलब्ध आहेत, आणि गुरुजींना विचारले तर तेही मदत करतील. दुसऱ्या खेपेस बेरीज बरोबर येईल. आणि पालकांनो, आपल्या कपाटात जुन्या उर्दू फायलींच्या फ्लॉपी किंवा सीडी पडून असतील, तर त्या वाचणारे यंत्र जिल्ह्यात कुठे ना कुठे चालू आहे तोवर काढून ठेवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या. हे काम नववी-दहावीची मुले एका सुटीत करू शकतात.